वस्तू हलवू नयेत

६ जून

चि. चिमे,

तुझ्या घराची जाहिरात छापून आली. मीच लिहिली, त्यामुळे ती शुद्ध आहे; एवढंच तिच्याबद्दल छातीठोकपणे सांगता येतं. ‘हिवाळ्यापर्यंत सुसज्ज निवासस्थान भाड्याने देणे आहे. अंतर्गत वस्तूंचे स्थानांतर वर्ज्य. स्पर्शही शक्यतो टाळावा.’ सकाळीच एका गृहस्थांचा फोन आला.

“घरात रोग कसला होता?”

“रोग नव्हता हो.”

“मग हात का लावायचा नाही?”

मी म्हटलं, मालकिणीची तशी इच्छा आहे.

“म्हणजे रोग मालकिणीला आहे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तू तशी इच्छा बोलून दाखवली नाहीस हे मला मान्य आहे. तू जाताना बोललीस ते एवढंच: किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, “जुलै संपेपर्यंत भाडेकरू मिळाला तर बघ दादा, नाहीतर दलालाला विकायला सांगते.” आणि त्या परक्या गावी, दातांच्या रुग्णालयात कवळ्या करायला निघून गेलीस. पण वाक्यात न आलेलं पद हुडकून काढणं हाच तर आमचा संस्कृतवाल्यांचा धंदा. अध्याहृत म्हणतात त्याला. पोरांना ते शिकवण्यात माझे केस गेले. डोळे गेल्यापासून मामा त्या घरात हाताने बघायचे. खुर्चीची पाठ, टेबलाचा कोपरा, कपाटाची कड, मग दाराची चौकट. त्यांच्यासाठी तू त्या घरात इतकी वर्षं सुई जागची हलू दिली नाहीस. आता ते गेले तरी घर आहे तस्सं राहिलं पाहिजे, हे काय तू मला लिहून द्यायला हवंस? तुझ्या बाबांचं घर, तसं माझं आजोळही आहे ते. विकायचं नाव काढू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. मराठीत आल्यावर तोच शब्द सुई टोचली तरी न कळणाऱ्या हिरडीला लागला, म्हणजे तुमच्या धंद्यात आला. तू यातली कोणती ते कळव.

तुझा,
दादा


१२ जून

दादा,

मराठीतली.

जाहिरातीचं कात्रण मिळालं. ठीक आहे.

इथे दिवसभर समोर लोकांचे जबडे असतात. प्लास्टरचे. मी मेणात दात बसवते. ते जबडे काही विचारत नाहीत, त्यामुळे बरं वाटतं. ‘बरं वाटतं’ हे बरोबर नसेल, पण दुसरा शब्द शोधायला उठावंसं वाटत नाही. राहायच्या खोलीत पलंग, टेबल, खिडकी. खिडकीखाली गाड्या उभ्या असतात. डब्यात काय होतं ते जेवून उठल्यावर आठवत नाही.

आमच्या कामावरची मोठी बाई परवा म्हणाली, “वडील गेल्यावर रडलीस की नाही गं?” मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

भाडेकरू कोणीही चालेल. फक्त घरात राहणारी माणसं बघ. बाकी तुझं तू ठरव.

चिमी


२० जून

चि. चिमे,

‘घरात राहणारी माणसं’ हे विशेषण वाचून मला तुझा अभिमान वाटला. दोनच शब्दांत सगळी अट! बाहेर जाणं नको, हिंडणं नको, पाहुणे नकोत. असा माणूस मिळाला.

हे एक निवृत्त ग्रंथपाल. एकटेच. दारात बूट काढले आणि “मोजेही काढू का?” म्हणून विचारलं. बसा म्हटलं तर म्हणतात, “कुठे बसायचं नाही ते आधी सांगा.” बाहेर किती जाता विचारलं. “केस कापायला जात असे,” म्हणाले, “आता तेवढंही कारण उरलं नाही.” सगळा वेळ ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, जसे पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहत असतील तसे. त्यांच्या ग्रंथालयातली निम्मी पुस्तकं म्हणे त्यांच्या कारकिर्दीत कोणी उघडलीच नाहीत. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. असा भाडेकरू म्हणजे घराला कुलूप लावण्यासारखंच, फक्त कुलपाला भूक लागते.

त्यांच्याआधी आणखी एक कुटुंब येऊन गेलं, ते केवळ करमणूक म्हणून लिहितो. नवरा बसचालक, बायको परिचारिका, आणि तीन मुली. त्यांच्या स्वतःच्या घराचं छत कोसळलंय, दुरुस्तीला हिवाळा उजाडेल, तोवर एका नातेवाइकाच्या एका खोलीत सगळे दाटीवाटीने राहतात. मी चालकाला पाणी देत होतो, तेवढ्यात फरशीवर ‘खर्रर्र’ झालं. मामांची खुर्ची! तिघींतल्या मधलीने ती ओढत थेट खिडकीशी नेली आणि वर चढून उभी.

मी म्हटलं, “अगं बाळ, ती तिथली नाही.”

“मग कुठली?”

“ती होती तिथली.”

“पण तिथून काहीच दिसत नाही!”

यावर मी त्यांना नम्रपणे सांगितलं की घर दिलं गेलंय. खोटं नव्हे, भविष्यकाळ जरा आधी वापरला इतकंच. ते गेल्यावर खुर्ची जागेवर आणली. फरशीवर तिच्या पायांच्या खुणा आहेतच, चुकायला वाव नाही.

ग्रंथपालांना हो कळवतो. तुझा होकार गृहीत.

दादा


२७ जून

दादा,

ग्रंथपाल नकोत.

कारण विचारू नकोस, मला नीट सांगता येणार नाही.

दलालाचं पाकीट आलंय. घेणारा तयार आहे, मी सही केली की झालं. त्याने जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून पाठवलीय. कागद टेबलावर आहे, पेनही तिथेच आहे. काल बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. करायलाही हरकत वाटली नाही, न करायलाही. मग काम होतं म्हणून उठले.

एका म्हाताऱ्या बाईंची कवळी दिली आज. त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, “ही माझ्या बहिणीसारखी दिसते.” सगळे हसले. मीही हसण्यासारखं तोंड केलं.

चिमी


३ जुलै

चि. चिमे,

तुझं पत्र वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता.

ग्रंथपालांना नकार कळवताना मला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यांना सवय असावी. “हरकत नाही,” म्हणाले, आणि सदिच्छा म्हणून मला एक पुस्तकखूण दिली. आता ती कशात ठेवू?

तरी मी हार मानलेली नाही. नवा उमेदवार एका गोदामाचा रखवालदार आहे, कायम रात्रपाळी. दिवसभर झोपतो, रात्रभर बाहेर. मी हिशेब केला: झोपलेला माणूस काही हलवत नाही आणि बाहेर गेलेला तर नाहीच नाही. करारनामाही तयार ठेवलाय. त्यातलं मुख्य कलम मी स्वतः घातलं: ‘घर जसे दिले तसे, वस्तू ज्या जागी होत्या त्याच जागी, परत करीन.’ वकील म्हणाला, “एवढं कडक कशाला?” म्हटलं, तुम्ही त्या घरात कधी आंधळ्या माणसाचा हात धरून गेला नाहीत.

तुला एक सांगतो, हसू नकोस. (हसली असतीस तर बरंच झालं असतं.) तू गेल्यापासून मी रोज कामावरून परतताना तिथे जातो. धूळ झटकतो. पुसायला काही उचललं तर पुन्हा खुणेवर ठेवतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई परवा जिन्यात म्हणाल्या, “मास्तर, वर कोणी राहत नाही म्हणता आणि रोज पाहुणे बनून जाता!” मी म्हटलं, देखरेख. त्या म्हणाल्या, “कोणाची?”

आता सरळ विचारतो, कारण अध्याहृताचं माझं शास्त्र तुझ्यापुढे लंगडं पडतंय. घरात राहणारी माणसं हवीत म्हणालीस. ग्रंथपालांपेक्षा जास्त घरात राहणारा माणूस मी आणू कुठून? तुला हवं तरी काय आहे? जुलै उजाडलासुद्धा. त्या कागदाच्या जवळून पेन तरी उचलून ठेव.

दादा


९ जुलै

दादा,

तू काढलेलं अध्याहृत पद चुकलं. ‘राहणारी’ म्हणजे मी राहणारी म्हटलं होतं. न हलणारी नव्हे.

सांगते. एकदाच सांगेन, आणि यावर लांबलचक काही लिहू नकोस.

बाबा गेल्यावर सगळे येऊन गेले, तूही आपल्या घरी गेलास. मी कामाला जायला लागले. संध्याकाळी आले की दिवा लावायला विसरायचे, कारण गरज लागत नव्हती. खुर्चीची पाठ, टेबलाचा कोपरा, कपाटाची कड. हात आपोआप जायचे. एक दिवस स्वयंपाकघरात उभी राहून पाणी पीत होते आणि लक्षात आलं की मी डोळे मिटलेले आहेत. दारापासून तिथपर्यंत मिटलेलेच होते. काही सांडलं नव्हतं, काही पडलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. मी पेला धुतला आणि पालथा घातला, जिथे घालतो तिथे.

मग एका रविवारी ठरवलं की खुर्ची हलवायची. दोन्ही हातांनी धरली. तिच्या पाठीवर बाबांच्या बोटांनी पॉलिश गेलंय तो पट्टा तू बघितलायस. मला वाटलं, आता काहीतरी होईल. रडू येईल किंवा राग तरी येईल. काही झालं नाही. आणि खुर्चीही हलवता आली नाही. जड कुठे आहे ती? एका हाताने उचलता येते. उन्हाचा पट्टा खोलीच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला, मी तशीच धरून उभी. दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या जागेसाठी अर्ज दिला.

मी परत आले आणि घर तसंच असलं तर मी पुन्हा डोळे मिटून चालेन. त्यापेक्षा विकलेलं बरं. ग्रंथपाल आणि रखवालदार यांच्यात आणि माझ्यात काही फरक नाही. मला असं कोणीतरी हवं होतं की जे मला जमलं नाही ते, न विचारता, सहज करेल. ते तुला सांगायचं तर वरचं सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून ‘घरात राहणारी’ एवढंच लिहिलं.

ती मधली. तिने खुर्ची ओढली आणि तुझ्या ‘खर्रर्र’पाशी मी थांबले. इतकं सोपं असतं ते.

त्यांना अजून घर मिळालं नसेल तर त्यांना दे. आणि ते कलम खोड.

चिमी


१७ जुलै

चि. चिमे,

लांबलचक लिहू नकोस म्हणालीस. प्रयत्न करतो, पण सवय वाईट आहे.

बसच्या आगारात जाऊन चालकाला गाठलं. तो डब्यातलं जेवत होता. मला बघून म्हणाला, “काय मास्तर, घर तर दिलं म्हणाला होतात?”

“परत आलं.”

“आणि अटी?”

“काही नाहीत.”

त्याने घास खाली ठेवला. “काहीच नाहीत? आधी हात लावायचा नाही, आता काहीही करा? तसलं काही आहे का हो त्या घरात?”

म्हटलं, “तसलं काही नाही. एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना दिसत नव्हतं. ते आता नाहीत.”

चालकाने घास पुन्हा उचलला. मग म्हणाला, “आमच्या पोरी फार आदळआपट करतात. आधीच सांगून ठेवतो.” मी म्हटलं, मालकिणीला नेमकं तेच पसंत पडलंय. त्याने मला शेजारी बसवलं आणि डब्यातलं अर्धं खायला घातलं. बहुधा मला चक्कर येतेय असं त्याला वाटलं.

करारातली ती ओळ खोडली. साधी रेघ, पण ती सरळ आली नाही. वकील म्हणाला, पुन्हा छापून आणू का? म्हटलं, राहू दे, खोडलेली दिसू दे.

सामान आलं त्या दिवशी मी वर गेलो नाही. किल्ली देऊन खाली शिंपीणबाईंच्या दुकानात बसलो. डोक्यावर जे काही चाललं होतं त्याला संस्कृतात शब्द आहेत, पण ते युद्धवर्णनातले आहेत. शिंपीणबाईंनी यंत्र थांबवलं, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, “इतक्या वर्षांत वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही हो.” मग पुन्हा यंत्र सुरू केलं. मी तिथे एका शर्टाची बटणं मोजत बसलो. शर्ट माझा नव्हता.

दलालाचं काय ठरवलंस? हे विचारायचं नाही असं ठरवून विचारतोय.

दादा


२ ऑगस्ट

दादा,

दलालाला लिहिलं की हिवाळ्यापर्यंत थांब. तो म्हणतो, घेणारा थांबेलच असं नाही. नाही थांबला तर नाही.

मधली कितवीत आहे?

चिमी


१४ नोव्हेंबर

चि. चिमे,

मधली चौथीत आहे, आणि हे मी तुला मागच्या तीन पत्रांत तीनदा सांगितलं. तू दर वेळी विचारतेस म्हणून दर वेळी सांगतो. तिला हे कळल्यापासून ती मला “मालकिणीला सांगा, मी नापास झाले नाही” असा निरोप देते.

आता मुद्दा. त्यांचं छत झालं. महिनाअखेर ते जाणार.

जुलैपासून मी वर गेलो नव्हतो. गुडघ्यांचं कारण सांगायचो. काल जावंच लागलं. चिमे, मी तुला स्पष्ट लिहितो. टेबल झोपायच्या खोलीत आहे. कपाट समोरच्या भिंतीला, खिडकीचा अर्धा उजेड अडवून. खुर्चीवर दप्तरं आणि ओले टॉवेल. जिथे खुर्ची होती तिथे फरशीवर खडूने चौकोन काढलेत, त्यात धाकटी लंगडी घालत होती. भिंतीला दोन खिळे. दाराच्या चौकटीवर तिघींच्या उंचीच्या रेघा, त्यातली एक रेघ थेट माझ्या डोक्याच्याही वर. कोणाची म्हणून विचारलं तर म्हणे मधली स्टुलावर उभी राहिली होती.

मी दारातच थबकलो. कुठे पाऊल टाकावं कळेना. चालकाची बायको म्हणाली, “बसा ना मास्तर, कुठेही बसा.” त्या घरात हे वाक्य मी तरी कधी ऐकलेलं नाही. मी दप्तरं उचलून खुर्चीत बसलो. टॉवेल ओला होता हे नंतर कळलं.

चालक म्हणाला, “जाण्याआधी सगळं होतं तसं लावून देतो. कलम खोडलं असलं म्हणून काय झालं, माणुसकी म्हणून. तुम्ही फक्त सांगा कुठे काय होतं.” पोरीही तयार झाल्या, त्यांना तो खेळच वाटतो.

मला सगळं आठवतं. फरशी घासली गेली असली तरी त्या खुणा मला दिसतात. डोळे मिटून लावून देईन. पण मी म्हटलं, मालकिणीला विचारतो.

तेव्हा विचारतो. लावू का? दलाल मलाही भेटून गेला. त्याचा तो घेणारा अजून थांबलाय, आणि रिकामं, नीटनेटकं घर त्याला दाखवायला सोपं जाईल म्हणाला. माझं मत विचारू नकोस. मी आदेशाची वाट बघतोय, म्हणजे आज्ञेची. व्याकरणातला आदेश, म्हणजे एकाच्या जागी दुसरं येणं, तो तुझ्या घरात केव्हाच होऊन गेलाय.

दादा


२० नोव्हेंबर

दादा,

काही लावू नकोस. त्यांना म्हणावं आहे तसं टाकून जा. चौकटीवरच्या रेघाही पुसू नका.

दलालाला अजून काही कळवलेलं नाही. सुटी घेऊन येते, बघते, मग ठरवते. स्टेशनवर येऊ नकोस. घरीही येऊ नकोस. किल्ली शिंपीणबाईंकडे ठेव.

चिमी


५ डिसेंबर

दादा,

आले. घरातूनच लिहितेय, टेबल झोपायच्या खोलीत आहे म्हणून पलंगावर बसूनच लिहिता येतं. ही सोय वाईट नाही.

पहिल्या दिवशी दार उघडलं आणि सवयीने हात पुढे गेला. तिथे काही नव्हतं. मग दिवा लावला. बराच वेळ नुसती उभी होते. मला काय वाटलं ते तू विचारणार. खास काही नाही. घर कोणाचं तरी होतं आणि ते लोक आत्ताच उठून गेले होते, इतकंच. कोपऱ्यात एक लहान मोजा सापडला. तो धुऊन वाळत घातलाय, चालकाकडे पोचव.

बाबांसाठी अजून रडलेले नाही. येईल तेव्हा येईल, त्याच्या मागे लागत नाही.

पण चार दिवस राहून झाल्यावर आज सकाळी चहा घेताना एकदम चिडले. त्या कपाटावर. खिडकीचा अर्धा उजेड खातंय ते! कोणी ठेवलं तिथे, डोकं वापरलं का, असं मोठ्याने म्हणाले. एकटीच होते. शिंपीणबाईंनी खालून विचारलं, “काय झालं गं?” मी म्हटलं, “कपाट!” त्या म्हणाल्या, “मग हलव की!”

जुन्या जागी नकोय ते मला. तिथेही मला ते कधीच आवडलं नव्हतं, हे मला आजच कळलं. आतल्या खोलीत दाराच्या मागे जाईल, मापं घेतली. एकटीने ढकलून बघितलं, हललं नाही.

दलालाचे कागद परत पाठवले, फुल्यांसकट.

रविवारी ये. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, खालचं टोक मी धरीन.

चिमी